स्वाभिमानाच्या राज्याला सातबारा हवा

पारोळा तालुक्यातील एका खेड्यात माझी बहीण दिली आहे. मागे तिच्याकडे मुक्कामाला गेलो असता सातवीत शिकणाऱ्या भाच्याने वहीच्या मागच्या पानावर काढलेला एक नकाशा मला दाखवला. मधोमध एक गोल देश. भोवती निळ्या पेनाने काढलेला खंदक. चार बुरूज, प्रत्येक बुरुजावर निळा झेंडा. चहूबाजूंनी चार शत्रूराष्ट्रे, त्यांना लाल रंग दिलेला. राजधानीचे नाव भीमनगर. ‘मामा, हाऊ आपला देस शे,’ असे सांगून त्याने सैन्य किती, तोफा किती, कोणत्या शत्रूशी तह आणि कोणाशी लढाई, याचा सगळा हिशेब दिला. या देशाचा राजा दर पाच वर्षांनी मतदानाने निवडला जातो, हेही त्याने ठरवून टाकले होते. (बाबासाहेबांच्या घरातले पोरगे राजा काढते तेव्हा तोही निवडून आणते!) मी सहज विचारले, अरे, तुझ्या देशात विहीर कुठे आहे? त्याने नकाशाकडे पाहिले, पेनाचे टोक चावले आणि म्हणाला, ‘पानी ते बाजूना देसमाईन येस.’

शत्रूच्या देशातून पाणी घेणारा सार्वभौम देश! त्या वेळी मी हसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की पोरगा चुकला नव्हता. त्यांच्या वस्तीला येणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह गावठाणात आहे आणि गावात काही तंटा झाला की पहिला परिणाम त्या व्हॉल्व्हवर होतो. पोराने रोज जे पाहिले तेच काढले. कल्पनेचा देश म्हणून त्याने आपल्या वस्तीचाच नकाशा काढला होता. वस्तीला नसलेला खंदक तेवढा त्याने पारोळ्याच्या किल्ल्यावरून घेतला. शाळेने नुकताच तो दाखवून आणला होता.

पारोळ्याचा हा भुईकोट किल्ला आपल्यापैकी अनेकांनी बाजाराला जाता-येता पाहिला असेल. हरि सदाशिव दामोदर नावाच्या जहागीरदाराने १७२७ च्या सुमारास तो बांधला. गॅझेटिअर सांगते की त्याआधी पारोळा म्हणजे जेमतेम पन्नास घरांचे खेडे होते, त्याला या जहागीरदाराने तटबंदीचे शहर केले. झाशीच्या राणीशी या घराण्याचे नाते सांगितले जाते आणि पारोळेकर ते अभिमानाने सांगतात. १८२१ साली इंग्रजांचा पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याला मारण्याच्या कटाचा धागा जहागीरदारापर्यंत पोहोचला आणि गाव जप्त झाले. १८५७ च्या धामधुमीनंतर उरलेसुरलेही गेले. १८५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला पाडून निकामी केला. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षांतच तट, खंदक, तोफा यांचा सगळा खेळ संपला. जहागीर ही शेवटी दुसऱ्याच्या शिक्क्याने मिळालेली वस्तू. शिक्का मारणारा बदलला की ती जाते.

परंतु हा इतिहास सांगताना एक माणूस नेहमी वगळला जातो. गावाला वेस होती, वेशीला दार होते आणि त्या दारावर रात्रभर जागणारा एक वेसकर होता. हा वेसकर कोण होता हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. जो गावाची वेस राखायचा त्याचे स्वतःचे घर वेशीच्या बाहेर असायचे. शत्रू आला तर पहिला वार त्याच्यावर. आणि दार बंद झाले की तो शत्रूच्या बाजूला! जगाच्या इतिहासात पहारेकऱ्याला तटाबाहेर झोपवणारी दुसरी संस्कृती असेल तर ती मला कोणी दाखवावी. किल्ल्यातल्या स्वाभिमानाच्या कथा ऐकताना आपल्या मुलांनी हे दार लक्षात ठेवले पाहिजे.

वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाने स्वतःच्या राज्याचे स्वप्न पाहावे हे स्वाभाविकच आहे. संत रविदासांनी दुःख नसलेले, कर नसलेले बेगमपूर कल्पिले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त बळीराजाचे राज्य उभे केले आणि वामनाने ते कसे गिळले हे बहुजनांना उलगडून सांगितले. आमच्या मायमाउल्या दिवाळीत इडा-पिडा टळो म्हणत बळीचे राज्य मागतात ते आजही. ही स्वप्ने हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. ज्याला गावात उभे राहायला जागा नाही त्याला निदान मनात तरी एक देश लागतो. प्रश्न एवढाच आहे की त्या देशाची विहीर कुठे आहे?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो बाबासाहेबांचा आहे आणि त्याची एक मुळी आमच्या खानदेशच्याच मातीत सापडते.

१९२९ सालची गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते आणि त्यांच्याकडे खानदेशचे जिल्हे होते. काम आटोपून परतताना धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकल्याची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनवर परत आले तेव्हा तिथली आपली माणसे हारतुरे घेऊन उभी होती. महारवाडा तिथून सुमारे दोन मैल, वाटेत नदी आणि नदीवर कठडा नसलेला पूल. स्टेशनसमोर टांगे पुष्कळ होते, पण महाराला घेऊन टांगा हाकणे हे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटत होते. आणि आपला एवढा मोठा पाहुणा पायी न्यावा हे वस्तीच्या अभिमानाला पटत नव्हते. तासभर खल झाल्यावर तोड निघाली ती अशी की टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र नाही. हाकायला आपल्यातला एक जण बसला. त्याने आयुष्यात कधी टांगा हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांचा पाय मोडला. पलीकडच्या काठावर महारवाडा होता, तिथून बायामुले आक्रोश करीत धावली.

बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्यातला एक विचार आपण फारसा सांगत नाही. आपल्या माणसांविषयी त्यांच्या मनात राग नाही, उलट त्यांची माया ते जाणतात. पण पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात पाहुण्याच्या जिवाची काळजी मागे पडली, हेही ते तितक्याच स्पष्टपणे नोंदवतात. आज आपण चळवळ म्हणून जे काही करतो ते या एका प्रसंगाशी ताडून पाहावे असे मला कळकळीने वाटते. मान आपला होता, टांगा त्यांचा होता, रस्ता त्यांचा होता आणि हाकण्याची विद्या आपल्याला शिकू दिलेली नव्हती.

तेरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा झाली आणि त्या परिषदेने स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावाने केली. अस्पृश्यांनी हिंदू खेड्यांच्या कडेला चिकटून राहणे थांबवावे, त्यांची स्वतंत्र गावे वसवावीत, अशी ती मागणी. मार्च १९४७ मध्ये घटना समितीपुढे ठेवण्यासाठी बाबासाहेबांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यात ही मागणी कलमांच्या भाषेत आली. त्यासाठी वसाहत आयोग नेमावा. लागवडीयोग्य पण पडीक असलेली सरकारी जमीन या कामी राखून ठेवावी. कमी पडली तर आयोगाने खाजगी जमीन विकत घ्यावी. आणि केंद्र सरकारने आयोगाला दरवर्षी किमान पाच कोटी रुपये द्यावेत. बेगमपूर आणि बळीचे राज्य इथे पहिल्यांदा एकर आणि रुपये यांच्या हिशेबात उतरले. नकाशा काढतानाच बाबासाहेबांनी विहीर काढली होती!

या मागणीला तेव्हा फुटीरपणा म्हणून हिणवले गेले. आजही तथाकथित पुरोगामी मंडळींना ती अडचणीची वाटते. माझा त्यांना साधा प्रश्न आहे. वेगळी वस्ती कोणी निर्माण केली? महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा हे वेगळेपण काय फेडरेशनने ठरवले होते? खेड्यात वेगळे राहणे होतेच. फक्त त्या वेगळ्या तुकड्याला ना जमीन होती ना पाणी, म्हणून तो तुकडा गावाच्या मुठीत होता. मजुरीला त्यांच्याच शेतात जायचे, किराणा त्यांच्याच दुकानातून आणायचा आणि न्याय मागायला त्यांच्याच पंचांपुढे उभे राहायचे. बाबासाहेबांना वेगळेपण नको होते, त्यातली लाचारी काढायची होती. ज्याची चूल शेजाऱ्याच्या मर्जीवर पेटते त्याने शेजाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायची कशी, एवढा हा रोकडा सवाल आहे. अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत फिर्यादी का फितूर होतात याचे उत्तरही बहुतेक वेळा इथेच सापडते. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून लिहायला २०१५ ची दुरुस्ती यावी लागली.

याच संदर्भात एका खऱ्याखुऱ्या देशाची कहाणी सांगितली पाहिजे. कॅरिबियन समुद्रातल्या हैतीमध्ये उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांनी १७९१ मध्ये बंड पुकारले आणि १ जानेवारी १८०४ रोजी फ्रान्सला हरवून स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. गुलामांनी स्वतःच्या हाताने उभारलेला देश! आजूबाजूला सगळी गुलाम बाळगणाऱ्यांची राज्ये. फ्रेंच परत येतील म्हणून हेन्री क्रिस्तोफ या त्यांच्या नेत्याने डोंगरमाथ्यावर अवाढव्य किल्ला बांधला, त्यावर शेकडो तोफा चढवल्या. फ्रेंचांवर त्या कधी डागाव्या लागल्याच नाहीत. १८२५ साली फ्रान्सच्या युद्धनौका आल्या त्या बिल घेऊन. आमचे मळे आणि आमचे गुलाम गेले, त्याची भरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँक द्या, तरच मान्यता. १८३८ मध्ये ही रक्कम नऊ कोटींवर आली. पण ती फेडण्यासाठी कर्ज काढावे लागले, त्या कर्जासाठी दुसरे कर्ज, आणि सगळे फिटता फिटता १९४७ साल उजाडले. अमेरिकेने तर त्या देशाला मान्यताच दिली ती १८६२ मध्ये. ज्यांनी गुलामी सोसली त्यांनीच गुलामीची किंमत मालकाला मोजून दिली.

हे वाचताना मला हैती परकी वाटत नाही. महार वतनाचे काय झाले? ज्या वतनाने अख्ख्या जमातीला चोवीस तासांची बिनपगारी चाकरी लावली ते नष्ट व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. तीस वर्षांनी, १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्याने वतन गेले. पण पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आपल्या नावावर परत करून घ्यायला सरकारात कब्जेहक्काची किंमत भरायची होती. ज्याने किंमत भरली त्याला जमीन मिळाली, तीही नव्या शर्तीची. ज्याला भरता आली नाही, ज्याला कागद कळला नाही, त्याच्या जमिनीचे पुढे काय झाले हे प्रत्येक गावाचा फेरफार सांगेल. आपल्या आज्याने केलेल्या वेठीची किंमत नातवाने भरली, असाच याचा अर्थ.

त्याच सुमारास, १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने मराठवाड्यात आणि आपल्या खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला, लाखो माणसे तुरुंगात गेली. बायका कडेवर पोरे घेऊन गेल्या. त्या लढ्यात आपल्याबरोबर इतर जातीजमातींचे भूमिहीनही होते, हे मुद्दाम सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल बांधवांच्या जमिनी ज्या रीतीने गेल्या ती रीत आपल्यापेक्षा निराळी नव्हती. आणि मग? मग पक्ष फुटला. त्याचे किती तुकडे झाले हे मोजण्यात या पानाची जागा घालवत नाही.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहू. प्रवेशद्वाराला कमान आहे, कमानीवर नाव आहे, चौकात पुतळा आहे, विहार आहे, १४ एप्रिलला डीजे आहे. यातल्या कशालाही मी नावे ठेवत नाही. ज्यांना गावात मान वर करून चालता येत नव्हते त्यांनी उभारलेली ही प्रतीके आहेत, आणि पुतळ्याला धक्का लागला की वस्ती का पेटते हे ज्याला कळत नाही त्याने आमच्याविषयी बोलू नये. परंतु वस्ती सुधारण्यासाठी येणारा निधी वर्षानुवर्षे कमान, सिमेंटचा रस्ता आणि त्याच रस्त्यावर पुन्हा सिमेंटचा रस्ता यात जिरतो आणि आपण त्याचे उद्‌घाटन करतो, हे किती दिवस चालायचे? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगले झाले. महारवाड्याचे भीमनगर झाले, समतानगर झाले. पाणी मात्र अजूनही बाजूच्या देशातूनच येते.

एका वस्तीत चार मंडळे, चार वर्गण्या, चार मिरवणुका. भाच्याच्या नकाशात शत्रू चारही दिशांना बाहेर होते. आमच्या वस्त्यांत आज दोन तरी आत असतात.

मग काय, १९४७ ची मागणी जशीच्या तशी पुन्हा करायची? प्रामाणिकपणे सांगतो, मला तसे वाटत नाही. आमची पोरे खेड्यात राहायला तयार नाहीत. पारोळा, अमळनेर, धुळ्याची कितीतरी घरे सुरतला उधना-लिंबायतमध्ये गेली, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला. बाबासाहेबांनीही खेड्याला कधी देव्हाऱ्यात बसवले नाही. नवे गाव वसवायला आज ना मोकळी जमीन आहे ना वसणारी माणसे. काही तरुण मित्र मला म्हणतात, सर, मग जमिनीचा विषय सोडाच, शिक्षण आणि नोकरी बोला. त्यांचे म्हणणे मी समजू शकतो. पण सुरतेला गेलेल्याचे आईबाप वस्तीतच आहेत. माघारी राहिलेली विधवा बहीण दुसऱ्याच्या कापसात निंदायला जाते. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० साली, शहरातून पायी निघालेली माणसे शेवटी त्याच वस्तीच्या दारात आली होती. ज्याच्या नावावर तुकडा होता त्याने तो कसला. ज्याच्या नावावर नव्हता तो पुन्हा त्याच मालकाच्या बांधावर उभा राहिला. नोकरी माणसाला वस्तीतून बाहेर काढते. मागे राहिलेल्यांचे काय, याला नोकरीजवळ उत्तर नाही.

आणि सगळेच दरवाजे बंद आहेत असेही नाही. २००४ पासून राज्यात भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना जमीन देण्याची योजना आहे. तिचे नाव कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य. आधी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज होते, २०१८ च्या निर्णयाने शंभर टक्के अनुदान झाले आणि जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाखांची मर्यादा ठरली. आता त्या भावात रस्त्यालगतची, पाण्याजवळची जमीन कोण विकणार? आणि विकायला निघालाच कोणी, तर ती अमक्या वस्तीला जाते आहे असे कळल्यावर गाव त्याला विकू देईल? म्हणून पैसा पडून राहतो आणि भूमिहीन भूमिहीन राहतो. स्वाभिमान हा शब्द योजनेच्या नावात आहे, त्याला सातबारा मिळवून देणे हे चळवळीचे काम आहे. त्यासाठी दर वाढवून मागणारा एक तरी मोर्चा आपल्या खानदेशात निघाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

दुसरा दरवाजा गायरानाचा. १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर कसत असलेल्या भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी झाला. त्याला पुरावा म्हणून लागते गाव नमुना १-ई मधील नोंद, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. आपली माणसे जमीन कसत राहिली, दंडाच्या पावत्या हरवल्या, नोंद कोणी घेतली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची वाट मोकळी ठेवलेली आहे. साहेब लोकांना निकालाचा पहिला भाग तोंडपाठ असतो, दुसरा आपण काढून दाखवावा लागतो. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या तेव्हा किती वस्त्यांकडे १-ई चा उतारा तयार होता?

आपण जयंतीची वर्गणी घरोघर जाऊन गोळा करतो. तेवढ्याच घरी तेवढ्याच पोरांनी जाऊन वतनाच्या जमिनीचा जुना फेरफार, १-ई चा उतारा, दंडाच्या पावत्या, १९५९ आणि १९६४ ला तुरुंगात गेलेल्यांची नावे एका वहीत उतरवून काढायला एक उन्हाळा पुरेल. पदवीधर पोरे वस्तीत आहेत, मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. विहारात बसून हे काम करता येते आणि त्याला कोणत्याही गटाच्या अध्यक्षाची परवानगी लागत नाही.

बहिणीच्या गावी आम्ही सुरुवात केली आहे. दाजींच्या वडिलांनी कसलेल्या गायरानाचा तुकडा आजही त्यांच्याच ताब्यात आहे. १-ई च्या उताऱ्यासाठी दाजींनी अर्ज दिला. तलाठ्याचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. वही मात्र तीच, आणि ती कपाटात आहे. पुढच्या आठवड्यात या, असे उत्तर मिळाले. या गोष्टीला तीन आठवडे झाले. येत्या सोमवारी दाजी पुन्हा जाणार आहेत, या वेळी वस्तीतली आणखी अकरा माणसे बरोबर घेऊन. भाचाही येतो म्हणाला. शाळा बुडेल म्हणून बहिणीने त्याला नाही सांगितले आहे.